टेकताक्षणी पूर्ण जोर

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलासुद्धा. तो बाबांकडून आलाय, हे मात्र बाबांना मान्य नाही.

बाबा नौदलात लढाऊ विमान चालवायचे. जहाजावरूनच उडायचं आणि समुद्रात डुलणाऱ्या त्याच जहाजावर परत उतरायचं. निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं ठणठणीत होते, आणि मग पक्षाघाताने डावा हात धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात गेलेला नाही, झोपलाय. आत्ता कामाला लावलात तर उठेल, नाहीतर कायमचा असाच." व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्यांच्या तळहातावर रबरी चेंडू ठेवला आणि लाडाने म्हणाली, "दाबा बघू, शाब्बास!" बाबांनी तो चेंडू उजव्या हाताने उचलून खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय रांगतं पोर आहे?" झालं. त्यानंतर व्यायामाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

मी चिडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. ढिम्म फरक नाही. मग मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर मांडला, मोठा पडदा लावला, उजवीकडे जॉयस्टिक, डावीकडे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटलचा दांडा. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा खेळ, त्यावर कुणा अनोळखी भल्या माणसाने बाबांचंच विमान हौसेखातर तयार करून ठेवलं होतं, फुकट. ते उघडलं आणि बाबा पुढे सरकले. "अगं, इंधनाचा काटा इथेच होता," ते म्हणाले. "आणि हा लाल खटका, हा नेहमी अडकायचा." पडद्याला हात लावून बघत होते. इतक्या दिवसांत त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

पण थ्रॉटल डाव्या हाताचा. बोटं दांड्यावर ठेवली तरी तो नखभर हलायचा, आणि नखभराने विमान कसलं उडतंय! दादाने फोनवरून सल्ला दिला, "उजवीकडच्या बटणावर टाक ना थ्रॉटल, काम फत्ते."

"आणि डाव्या हाताचं काय लोणचं घालू?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझा धंदा श्रवणयंत्रं बसवण्याचा. कानाला जेमतेम पोचणारा आवाज मोठा करून द्यायचा. नव्या माणसाला एकदम मोठा दिला तर तो यंत्र काढून फेकतो, म्हणून आम्ही हळूहळू वाढवत नेतो, इतकं हळू की त्याला कळूही नये. डोक्यात आलं, हात तरी वेगळा काय? विमानाच्या फाइली उघडल्या. चार संध्याकाळी डोकं फोडल्यावर थ्रॉटलची ओळ सापडली, आणि तिथे मी आकडा बदलला. आता दांडा नखभर सरकला की इंजिन पूर्ण ताकदीने गर्जायचं. दुकानात वाढवते, घरी कमी करायचं ठरवलं. दर दोन-चार दिवसांनी आकडा थोडा खाली. बाबांना पत्ता नाही. दांडा जरा जास्त ढकलावा लागायचा, एवढंच.

आणि ते ढकलायचे! चेंडू दाबणार नाही म्हणणारा माणूस तासभर घाम गाळायचा. आईला म्हणायचे, "शेवटच्या टप्प्यात खोलीत कुणी बोलायचं नाही." आई तोंडाला पदर लावून बसायची, जणू खरंच कुणी समुद्रात पडणार आहे.

मला सगळ्यात नवल वाटलं ते उतरण्याचं. मला वाटायचं, उतरताना जोर कमी करतात. बाबा हसले. "जमिनीवर कमी करतात. जहाजावर चाकं टेकताक्षणी पूर्ण जोर."

"म्हणजे थांबायचं असताना पळवायचं?"

"शेपटीखालचा हुक डेकवरच्या तारेत अडकला तर तार थांबवते, कितीही जोर असू दे. नाही अडकला तर पुढे समुद्र. अडकला की नाही ते बघत बसला तो मेला. म्हणून आधी जोर, मग बाकी सगळं."

या माणसाने हे कैक वेळा केलं, सुट्टीत घरी येऊन माझ्या वह्यांना कव्हरं घातली, आणि कधी एका शब्दाने बोलला नाही.

एका रविवारी बाबा आधीच खुर्चीत बसले होते, आई शेजारी. मी चहा घेऊन आत येते तर विमान जहाजाच्या मागे, बरंच खाली. बाबांचा हात दांडा ढकलत होता आणि इंजिन काही केल्या तेवढं उचलत नव्हतं.

"आई," मी कुजबुजले, "कॉम्प्युटरला हात लावला होतास?"

"मी कशाला लावू? ते नवीन काहीतरी घ्यायचं का म्हणून विचारत होतं बिचारं. सारखं सारखं विचारत होतं, मग मी 'हो' दाबलं."

आमच्या आईने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. त्या भल्या माणसाने विमानाची सुधारलेली आवृत्ती पाठवली होती, आणि त्या आवृत्तीने माझ्या सगळ्या फाइली पुसून मूळच्या आणून बसवल्या होत्या. माझी मदत शून्य. खऱ्या विमानात जेवढा ढकलावा लागेल तेवढा पूर्ण दांडा, निम्म्या झोपेतल्या त्या हाताने. आता बाबा जहाजाच्या पाठीवर आपटणार, खुर्चीतून उठणार, आणि पुन्हा या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. चेंडूसारखंच. थांबवायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी हात पुढे केला.

"बोट काढ," बाबा म्हणाले. पडद्यावरची नजर हलली नाही.

मी काढलं. खांद्यापासून त्यांचा सगळा हात थरथरत होता. कपाळावरची शीर उभी राहिली होती. विमान खाली गेलं, सावरलं, पुन्हा खाली. विमान किती खाली आहे ते दाखवणारा डेकच्या कडेचा पिवळा दिवा हिरव्या ओळीच्या खाली घसरला, मग इंच इंच वर सरकला. आई डोळे मिटून बसली होती. चाकं टेकली.

हुक एका तारेवरून उडाला, दुसऱ्या, शेवटच्याही. एकही तार सापडली नाही.

पण ते मला नंतर कळलं, कारण त्याआधीच थ्रॉटलचा दांडा खाडकन शेवटच्या टोकाला जाऊन आदळला होता. बाबांनी विचार केला नव्हता, वेळच नव्हता. चाकं टेकली आणि हात पुढे गेला. पूर्ण. इंजिन असं गर्जलं की खिडकीची तावदानं वाजली. डेक संपला, समोर नुसतं पाणी, विमान क्षणभर खाली बसलं आणि मग उचललं गेलं, आभाळात, सरळ.

मी त्या हाताकडे बघत होते. सुरकुतलेला, डाग पडलेला, दांड्याच्या टोकाशी घट्ट मिटलेला. बाबासुद्धा आता त्याच्याचकडे बघत होते.

"बाबा," मी म्हटलं. "माझी मदत... आज नव्हती हो. मी आजवर आकडा..."

"समजलं," ते म्हणाले. "आज जड लागला. अगं, जड लागला मला. आजारपणानंतर पहिल्यांदा या हाताला काहीतरी जाणवलं."

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागले, आणि आईने डोळे उघडून घाबरून विचारलं, "काय झालं? पडलं का?"

"रडतेस काय?" बाबा माझ्यावर खेकसले. त्यांचेही गाल ओले होते. "सरक बाजूला, दिसत नाहीये मला. विमान अजून हवेत आहे."