भागोजीच्या वाटणीचे चणे

मुलांनो, जरा अशी कल्पना करा. सकाळपासून तुम्ही काहीही खाल्लेलं नाही. घरात वडे तळून झालेत, खीर झालीय, अळूची भाजी झालीय, पण त्यातला एक घाससुद्धा तुम्हाला तोंडात घालता येत नाही. का? तर बाहेर बांधावर केळीच्या पानात वाढून ठेवलंय आणि त्याला अजून कावळा शिवलेला नाही. कावळा समोरच्या आंब्यावरच आहे. मान वाकडी करून बघतो, पंख झाडतो आणि पुन्हा बसून राहतो. आता सांगा, तुम्हाला राग कोणाचा येईल?

राहीला सगळ्यांचा येत असे.

राही नऊ वर्षांची होती. तळ्याच्या खाली, खाडीच्या अंगाला, भातशेती करणाऱ्या लोकांचं एक लहान गाव होतं, तिथे ती आणि तिची आई सोनाबाई राहत. राहीचे वडील भागोजी मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, इंग्रजांच्या पलटणीबरोबर इटली देशात गेले आणि तिथेच मारले गेले. नकाशात इटली शोधा, समुद्रात पाय सोडून बसलेल्या बुटासारखा दिसतो तो देश. भागोजी गेले तेव्हा राही रांगत होती. त्यांचा चेहरा तिला आठवायचं कारण नव्हतं.

त्यांच्या अंगणात दोन चुली होत्या. एक सोनाबाईची, दुसरी भागोजींचे थोरले भाऊ काळूराम यांची. भाद्रपदातल्या अमावास्येला, ज्या दिवशी साऱ्या पितरांना जेवण घालतात, त्या दिवशी बांधावर दोन पानं मांडली जात. काळूरामांनी आपल्या वडिलांसाठी ठेवलेल्या पानावर कावळे झडप घालत. भागोजींच्या पानाकडे एकही फिरकत नसे. एक वर्ष झालं, दुसरं झालं, असं करत सात वर्षं झाली. मग गावात लोक म्हणू लागले की भागोजी बायकोवर रुसून बसलाय.

असं म्हणायला लोकांना एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. भागोजींना भरतीला नेलं ते त्यांचा मित्र सदू याने. माणगावला साहेब आलेत, चल, एवढंच सदू म्हणाला आणि भागोजी तयार झाले. सोनाबाईला हे कळलं आदल्या रात्री. सकाळी तिने चूल पेटवलीच नाही. जेवायला मिळालं नाही तर माणूस कुठे जाणार, असा तिचा हिशेब. पण भागोजी उपाशीच गेले. सदू लढाईतून परत आला, एक गुडघा आखडलेला घेऊन. त्या दिवसापासून सोनाबाईने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तो वाटेत दिसला की ती डोक्यावरच्या भाऱ्यासकट मागे वळायची.

त्या वर्षी अमावास्येच्या काही दिवस आधी शाळेत तुकाराम नावाचा मुलगा राहीला म्हणाला, "तुझा बा यंदापण जेवणार न्हाय बघ. तुझ्या आयच्या हातचं त्याला नको हाय."

राहीने पाटी त्याच्या डोक्यात घातली. मास्तरांनी तिला बाहेर काढलं. ती घरी गेली नाही. सरळ सदूच्या शेतावर गेली.

सदू गवत कापत होता.

"सदूकाका, माझ्या बाची काय इच्छा राहिली?"

सदूचा विळा थांबला. "तुझ्या आयला माहीत हाय तू इथं आलीस ते?"

"न्हाय."

"मग घरी जा, बाय."

"न्हाय जाणार. तू त्याच्यासंगं होतास. तुला माहीत हाय आणि तू सांगत न्हाईस."

"सांगून काय करशील?"

"आधी सांग."

सदू बांधावर बसला आणि त्याने सांगितलं. डोंगरातलं एक गाव होतं. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. एका म्हातारीने सदू, भागोजी आणि आणखी दोघांना घरात घेतलं होतं. चुलीवर तिने चणे शिजत ठेवले होते, लसूण घालून. मग गव्हाच्या पिठाची जाड पोळी लाटली, सुरीने वेड्यावाकड्या पट्ट्या कापल्या आणि त्या चण्यांत सोडल्या. 'पास्ता' म्हणायची ती त्या पट्ट्यांना. वास असा सुटला की भागोजी चुलीपासून हलेना. पण पट्ट्या शिजायच्या आतच हुकूम आला. बंदूक उचलता उचलता भागोजीने खुणेनं त्या म्हातारीला सांगितलं, माझं ठेव, मी येतो.

"आणि?"

"तो आला न्हाय," सदू म्हणाला.

राहीने हे सगळं घरी जाऊन आईला सांगितलं. सोनाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि ती आळीतून अशी निघाली की माणसं दारात येऊन उभी राहिली. सदूच्या अंगणात जाऊन ती इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"सात वर्षं गिळून बसलास व्हय रं हे?"

"वैनी, तू कधी उभं केलंस मला?"

"तुला उभं करू? माझा माणूस नेलास तू! नेलास तो नेलास, तिथंपण उपाशी ठेवलास?"

"मी न्हाय ठेवला, वैनी."

"मग कोणी? त्या म्हातारीनं? का मी?" तिचा आवाज फाटला. मग ती बोट रोखून म्हणाली, "अमावास्येला ये. ते काय असंल ते कर. माझ्या चुलीवर कर. एकपण गोष्ट कमी पडली तर बघ."

सदू आला. माणगावच्या बाजारातून त्याने चणे आणले होते आणि ते रात्रभर भिजत घातले होते. गव्हाचा प्रश्न नव्हता. त्या दिवसांत रेशनच्या दुकानात तांदूळ कमी आणि लाल गहू जास्त मिळे. आमच्याकडच्या बायकांना भाकरी थापायची सवय, गव्हाचं काय करावं ते त्यांना सुचत नसे. सोनाबाईने तो गहू पहाटे जात्यावर दळला. जातं असं घरघरत होतं की राही जागी झाली.

सदूने टोपात तिळाचं तेल घातलं, ठेचलेला लसूण टाकला, दोन टमाटे चिरून टाकले, मग चणे आणि पाणी.

"हळद?" सोनाबाईने विचारलं.

"न्हाय."

"मसाला?"

"न्हाय, वैनी."

"आजाऱ्याचं जेवण हाय का हे?" तिने मिरच्यांचा डबा उघडला. सदूने टोपावर हात आडवा धरला.

"तिथं नव्हत्या मिरच्या. त्यानं मागितलं ते असंच होतं."

सोनाबाईने डबा असा आपटला की झाकण उडून राहीच्या पायाशी आलं.

मग सदू पीठ मळायला बसला. पाणी जास्त पडलं, पीठ बोटांना चिकटलं. तो ते सोडवू लागला तसं आणखीच चिकटलं.

"सर बाजूला," सोनाबाई म्हणाली. "पिठाला असं धरतात? बंदूक हाय का ती?"

तिने परात पुढ्यात ओढली. मुठी वळून, गुडघ्यावर येऊन, सगळं अंग टाकून ती पीठ मळू लागली. बघणाऱ्याला वाटावं, कोणाला तरी मारतेय. मुलांनो, या पदार्थाला पीठ असंच लागतं. घट्ट आणि भरपूर मळलेलं. नाहीतर पट्ट्या पाण्यात विरघळतात.

मळता मळता तिने विचारलं, "कशी होती ती?"

"कोण?"

"म्हातारी."

"काळं लुगडं, म्हंजे काळा झगा. दोन मुलगे होते, लढाईत गेलेले."

"आपल्या बाजूनं?"

"न्हाय. समोरच्या."

सोनाबाईचे हात थांबले. "मग तुम्हाला कशाला वाढत होती?"

"ती काय लाडानं वाढत नव्हती," सदू म्हणाला. "सारखी चिडलेली. पळी आपटायची, भांडं आपटायची, तिच्या भाषेत शिव्या घालायची. भागोजी हसायचा. म्हणायचा, सदू, घरी आल्यावाणी वाटतं."

राही हसली. सोनाबाई हसली नाही. तिने पिठाचा गोळा पाटावर आपटला, औषधाच्या रिकाम्या बाटलीने लाटला आणि सुरी सदूच्या हातात दिली. "काप. तिनं कापलं तसं काप."

सदूने पट्ट्या कापल्या, कुठे रुंद, कुठे चिंचोळ्या. थोडे चणे पळीने टोपाच्या कडेला चेचले, त्याने रस दाट झाला. मग पट्ट्या एकेक करून आत सोडल्या. घरात असा वास पसरला की राहीच्या पोटात कळ आली. सकाळपासून पाण्यावाचून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं.

एवढ्यात काळूराम दारात आले. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. बांधावर पान काळूरामच ठेवत असत, भागोजींचंही. त्यांनी टोपात डोकावून पाहिलं.

"हे काय?"

"भागोजीचं पान," सोनाबाई म्हणाली.

"म्हाळात लसूण? म्हाळात हरभरा? पितरांना हरभरा चालत न्हाय, एवढंपण ठाऊक न्हाय तुला? आणि हा," त्यांनी सदूकडे बोट केलं, "ह्यानं कुठल्या कुठल्या घरात काय काय खाल्लंय, त्याच्या हातचं?"

"भावजी, त्यांनी मागितलेलं हाय हे."

"मेलेल्या माणसाचं नाव घेऊन काय वाट्टेल ते शिजवशील? मी हात लावायचा न्हाय ह्याला."

"नका लावू," सोनाबाई म्हणाली. "मी ठेवते."

"बाईमाणूस पान ठेवणार?"

"सात वर्षं तुम्ही ठेवलंत. शिवला का?"

काळूराम वळले. आपलं पान घेऊन ते बांधाकडे निघाले.

दोन पानं शेजारी शेजारी ठेवली गेली. एकावर वडे, खीर, अळूची भाजी, काकडी, भात. दुसऱ्यावर दाट, तांबूस चणे आणि त्यांत गुंडाळलेल्या जाड पट्ट्या. वाफ येत होती. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी जमले. तुकारामही होता, कपाळावर टेंगूळ घेऊन.

काळूरामांनी हात जोडून कावळ्यांना हाका मारल्या. सोनाबाईने मारली नाही. ती हाताची घडी घालून आंब्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनंती अशी काही नव्हती. सदू मागे भिंतीला टेकून उभा होता, आखडलेला पाय पुढे काढून.

पानावरची वाफ गेली. पट्ट्यांवर साय धरल्यासारखा पापुद्रा आला. कोणी हलेना.

मग एक कावळा उतरला. बांधावर बसला. एक उडी मारून भागोजींच्या पानाशी आला, चणे बघितले. सोनाबाईची घडी सुटली. कावळ्याने चोच पुढे केली, मान फिरवली, शेजारच्या पानावरचा वडा उचलला आणि उडाला. त्याच्या मागोमाग दुसरे दोन आले. वडे संपले, भात विखुरला. चण्यांना कोणी शिवलं नाही.

"बघितलंस?" काळूराम वळून म्हणाले. कुंपणाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जावं असं म्हणाले. "कितीपण शिजव. माणूस गेला, त्याचा राग न्हाय गेला. तू उपाशी घालवलास त्याला ह्या घरातून. आता जन्मभर हाक मार, तो जेवायचा न्हाय तुझ्या हातचं."

राहीने आईकडे पाहिलं. कोणाशीही भांडायला मागे न हटणारी तिची आई खाली बघत होती. पिठाने पांढरे झालेले हात तिने पदराखाली घेतले होते.

राहीच्या कानशिलात काहीतरी तापलं. ती चालत बांधापर्यंत गेली आणि भागोजींच्या पानापुढे मांडी घालून बसली.

"ए पोरी! ऊठ! काय करतेस?" काळूराम ओरडले.

राहीने एक पट्टी उचलली, चण्यांसकट तोंडात घातली. निवली होती, जाड होती, चावायला वेळ लागत होता. तिने नीट चावली आणि गिळली.

"राही!" सदूही पुढे आला. "बाय, कावळा शिवायच्या आधी खात न्हाईत."

"त्याला कशाला विचारायचं?" राही तोंड भरलेलं असताना म्हणाली. "माझा बा हाय. कावळ्याचा न्हाय."

काळूराम तिचा दंड धरायला वाकले. तेवढ्यात सोनाबाई मध्ये आली. तशीच उभी राहिली, आणि काळूरामांना थांबावं लागलं.

राही जेवत राहिली. कोणी हसलं तर बघून घेईन अशा डोळ्यांनी ती एकदा कुंपणाकडे बघे आणि मग पुढचा घास घेई. तुकारामाने नजर दुसरीकडे वळवली. आंब्यावरचा एक कावळा पुन्हा उतरला आणि आता नेमका तिच्याच पानाकडे उड्या मारत येऊ लागला. राहीने डावा हात उगारून त्याला हाकललं. शेवटचे चणे तिने बोटांनी गोळा केले, पानाला लागलेला रस पुसून घेतला. मग जेवून उठणारं माणूस करतं तसं केळीचं पान तिने आपल्या बाजूला नीट मिटलं.