उलटा फिरलेला मीटर आणि गुरुवारची इस्त्री

मी एक जुना वीजमीटर आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एक चकचकीत चकती आहे. ती फिरवत मी दक्षिण आफ्रिकेतल्या एका डोंगराळ गावात, माबेलेंच्या भिंतीवर म्हातारा झालो. माबेले हे त्यांच्या कुळाचं नाव. मोठ्या बाईला आमच्याकडे याच नावाने हाक मारतात. त्या शाळेचे गणवेश शिवतात.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली होती : पुढे फिरायचं. पण माबेलेंनी शिलाईच्या कमाईतून छपरावर सौर पॅनेल बसवली आणि भर दुपारी, घरात उरलेली वीज गावाकडे निघाली. माझी चकती चक्क उलटी फिरू लागली! मला वाटलं, म्हातारपणाची घेरी आली.

वीज कार्यालयाचा लुझुको माझा आकडा बघून डोळे चोळू लागला.

"माबेले, आकडा कमी कसा झाला? मीटरला पाजलंत काय?"

"ऊन पाजलं, बाळा."

कार्यालयाला हा विनोद आवडला नाही. येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा नवा मीटर आला. लुझुको मला गाडीत टाकणार, तोच माबेले म्हणाल्या, "त्याला राहू दे. दार वाऱ्याने आपटतं, टेकण होईल."

झालो मी दाराचं टेकण! पण शनिवारी बुटांना पॉलिश करताना माबेले मलाही न चुकता पुसत.

नवा मीटर भारी ऐटबाज. पहिलं बिल आलं तेव्हा मात्र माबेलेंनी ते दोनदा वाचलं. गावाला दिलेल्या विजेचे चाळीस रँड मिळाले होते आणि ती मोजण्याचं शुल्क होतं एकशे साठ.

शेजारीण नोसिसा म्हणाली, "म्हणजे कोंबडी तू द्यायचीस, आणि ती मोजायला येणाऱ्याला वर जेवूही घालायचंस?"

माबेले हसल्या नाहीत. "असंच चाललं तर पॅनेल विकावी लागतील गं. मग लाइट गेली की मशीन बंद."

त्यांनी लुझुकोला गाठलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "वीज बाहेर जाऊच दिली नाही, तर शुल्क नाही. तसा खटका मी बसवून देतो. मग साधा मीटर चालेल. पण साधे मीटर आमच्याकडे उरलेत कुठे?"

माबेलेंनी दाराकडे बोट दाखवलं.

मला भिंतीवर चढवलं, तारा जोडल्या. मित्रांनो, मला एकच भीती होती. फिरलो नाही तर? पण चकती हलली आणि अगदी सुरळीत फिरली!

"आणि दुपारची उरलेली वीज?" लुझुकोने विचारलं.

"वाया कशाला घालवू?"

आमच्याकडे गुरुवारी दुपारी बायका प्रार्थनेला जातात. लाल पोलकं, पांढरी कॉलर, असा त्यांचा चर्चचा गणवेश. त्यावर एक सुरकुती दिसली तर आठवडाभर टोमणे! आता दर गुरुवारी प्रार्थनेआधी सगळ्या जणी आपापली इस्त्री घेऊन माबेलेंकडे येतात. इस्त्री करता करता गातात, आणि नोसिसाचा गळा तर इस्त्रीपेक्षा गरम. ऊन इतकं पुरतं, की मी ना पुढे जातो ना मागे. जागच्या जागी उभा राहून गाणी ऐकतो.

मागच्या गुरुवारी लुझुको आकडा घ्यायला आला. आकडा घेऊन झाला तरी जाईना. मग हळूच त्याने पिशवीतून चुरगळलेला सदरा काढला.

"माबेले, साहेबांसमोर जायचंय..."

"लाग रांगेत," नोसिसा ओरडली. "मोजणी फुकट!"

मित्रांनो, जुन्या वस्तूला हवं तर दाराशी बसवा. पण आठवड्यातून एकदा तिच्यावर फडकं फिरवत जा. तिला पुन्हा भिंतीवर चढायची वेळ आली, तर तिची चकती अडकायला नको.