पायाळूचं काजळ

उभ्या धोंड्यांच्या माळावर त्या दुपारी अख्खं गाव लोटलं होतं. बाया धानाची चुरणी-मळणी अर्धी टाकून आल्या होत्या. धनपारखी महाराज जमिनीत सळई खुपसत, खालून टण्ण आवाज येई आणि माणसं हात जोडत.

"धनाचा हंडा पाताळातून चालत आलाय," महाराज म्हणाले. "सोनं सोन्याला खेचतं. घरटी एक दागिना या लाल कपड्यात बांधा, मग हंडा वर येईल."

पाताळातून इथवर चालत आलेल्या हंड्याला शेवटचं हातभर अंतर काही चालवत नव्हतं. त्यासाठी बायकांची डोरली हवी होती.

हे धोंडे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी उभे केलेले. तसं पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवर लिहिलंय आणि विनापरवानगी खोदणं गुन्हा आहे, हेही लिहिलंय. महाराजांनी लुंगी नेमकी त्याच पाटीवर वाळत घातली होती.

मी इथल्या शाळेत शिकवते. सकाळपासून घसा फोडून सांगत होते की इथं कुदळ मारायची नाही. नागभीडच्या पोलिसांना फोनही केला होता, पण गाडी अजून रस्त्यात होती. महाराज हसून म्हणाले, "कायदा वरच्या मातीचा, बाई. पाताळात सरकार नसतं." गावही हसलं.

खरी भीती मला वेगळीच होती. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत काजळ घातलं की भुईतलं धन दिसतं, असं इकडं मानतात. गावात पायाळू म्हणजे माझी नववीतली दिव्यानी. तिची आजी सुगंधाबाई हे कौतुक तिच्या जन्मापासून मिरवत आलेली. आता तीच दिव्यानी काजळ घालून खड्ड्यात उभी होती, सगळ्यांत मोठ्या धोंड्याच्या पायाशी. आणि त्या पायाखालचीच माती लोकांनी उपसली होती. धोंड्याच्या बुडाशी मातीत सकाळी केसाएवढी भेग होती. आता तिच्यात बोट गेलं असतं.

"धनराजभाऊ, पोरीले वर घ्या," मी तिच्या बापाला पुन्हा सांगितलं. "बूड उकरलं, धोंडा पडन."

"तुमी मधात नोको पडा बाई," तो म्हणाला. "हंडा निघाला तं येते ते वर."

भेगेतून माती झरायला लागली. शहाणपण सांगून झालं होतं, कायदा सांगून झाला होता. आता मी त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं.

"महाराज, पायाळूले दिसते ते खरं ना?"

"शंभर टक्के. पायाळूचा डोळा खोटं सांगत नाही."

"मंग मलेबी काजळ लावा. मीबी पायाळू आहो."

महाराजांचा चेहरा उतरला, पण नियम त्यांचाच होता. लोकांनी मला पुढं ढकललं. त्यांनी काजळ घातलं आणि माझे डोळे मिरची गेल्यासारखे झोंबले. मी खड्ड्याकडं बघितल्यासारखं केलं.

"धोंडा पडताना दिसते मले. पोरीले वर घ्या."

सकाळपासून माझा शब्द कानाआड करणाऱ्या धनराजनं या वेळी उडीच घेतली. दिव्यानीला ओढून दोघं काठावर येतात न येतात तोच माती खचली आणि धोंडा ती उभी होती तिथंच आडवा झाला. धनराज पोरीला छातीशी धरून खाली बसला.

खड्ड्याची कडा ढासळून कोपऱ्यातली भुसभुशीत माती उघडी पडली होती. बाजूच्या मातीचे थर घट्ट, एकावर एक बसलेले. या कोपऱ्यात मात्र काळी-पिवळी माती कालवलेली, म्हणजे आधीच कोणी खणून बुजवलेली. तिच्यात पितळी हंडा तिरपा डोकावत होता आणि त्याच्याखाली युरियाच्या गोणीचा तुकडा अंथरला होता. सळई वाजत होती ती या हंड्यावर. पाताळात सरकार नसेल, पण युरिया पोचलेला दिसला.

महाराजांनी घाईनं लुंगी ओढली, तशी पाटी उघडी पडली. लोकांनी त्यांना हलू दिलं नाही.

सुगंधाबाई मात्र माझ्या पायांवर वाकली. "बाई, तुमाले दिसलं. देवी आहा तुमी." मागच्या बायाही वाकायला लागल्या आणि मला धोंडा पडला त्याहून जास्त भीती वाटली.

"उठा बाई. मी पायाळू नाई, डोक्याकडूनच जन्मली. खोटं बोलली मी," मी म्हणाले. "हेच सकाळी बिनकाजळाचं सांगतलं तं कोणी काऊन नाई ऐकलं?"

ओढणीनं डोळे पुसत दिव्यानी हळूच म्हणाली, "आजी, मलेबी काईच नवतं दिसलं. तुले वाईट वाटन म्हणून हंडा दिसते म्हणली."

सुगंधाबाईनं नातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडायला लागली.

पोलीस आले, महाराजांना घेऊन गेले. धोंडा मात्र पडला तो पडला. त्याच्याखालच्या थरांत त्या जुन्या माणसांबद्दल जे समजलं असतं, तेही कालवून गेलं. खणायला परवानगी लागते ती यासाठीच. जाणकार थर बघत, नोंदत खणतो. लोभी माणूस नुसता उकरतो, आणि एकदा उकरलेलं पुन्हा रचता येत नाही.

तुमच्याही गावात कोणी काजळ घेऊन येईल, तेव्हा डोळे आधी पुसा, मग बघा.