हवेचा टेकू

जंगलात वजनकाटा नसतो. नवेगाव बांधच्या पलीकडच्या रानात सागाचे लठ्ठे ट्रकवर चढत, तेव्हा काट्याचं काम मंगरू करत असे. तो हमालांचा मुकादम. गोंड, पन्नाशी उलटलेला, बोलण्यात कंजूष. हमाल लठ्ठे चढवत आणि हा मागच्या चाकाशी उकिडवा बसून स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांकडे बघत राही. रिकाम्या गाडीचे पाटे धनुष्यासारखे बाकदार असतात. भार चढतो तसा तो बाक उतरत जातो. पाटे पार सपाट झाले, की मंगरू उठून 'बस' म्हणे. मग खांद्यावर घेतलेला लठ्ठासुद्धा हमाल खाली टाकत. मालक चुन्नीलालसेठ समोर उभा असला तरी मंगरूच्या शब्दावर त्याने कधी शब्द चढवला नव्हता.

ट्रक लढाईनंतर लिलावात निघालेला, लष्करी. तो दुधराम चालवायचा. ट्रकमागे दोन चाकांची ट्रॉली जोडलेली असे. तिला स्वतःचे पाटे नव्हते, आणि तिच्या तोंडाचा भार ट्रकच्या हुकावर यायचा. म्हणून दोन्हींचं माप ट्रकच्या पाट्यांवरच व्हायचं. ट्रॉलीच्या शेपटाला एक फळी आणि एक ब्रेकचं चाक. उतार आला की फळीवरच्या माणसाने ते चाक आवळायचं. फळीवर बसायचा कवडू, दुधरामचा साळा. दुधरामच्या बायकोने, धुरपताने, शेती नसलेल्या आपल्या भावाला मोठ्या आर्जवाने या कामावर लावलं होतं. कवडूला दोन मुली होत्या, आणि धुरपता रोज दोघांच्या भाकरी एकाच फडक्यात बांधून द्यायची. वेगळ्या फडक्यात बांधल्या तर दोघं वेगळे जेवतील, आणि वेगळे जेवले तर एकमेकांकडे लक्ष राहणार नाही, असा तिचा हिशेब.

दुधरामचं दुखणं एकच होतं. ट्रॉली जोडली की ट्रकचं शेपूट खाली जायचं आणि तोंड वर यायचं. पुढची चाकं जमिनीला नुसती शिवून चालत. स्टिअरिंग फिरवावं तर गाडी ऐकल्यासारखं करी आणि आपल्याच मनाने जाई. त्याने सेठकडे तगादा लावला. शेवटी गोंदियाच्या एका मिस्त्रीने तोड काढली. जाड ट्यूबचे दोन फुगे करून, त्यांना टायरचं कातडं आणि ताडपत्री शिवून, ते मागचा एक्सल आणि त्याच्या वरचा सांगाडा, म्हणजे चेसिस, यांच्या मधे बसवले. पंपाने हवा भरली आणि खाली गेलेलं शेपूट हळूच वर आलं. त्या दिवशी दुधराम अर्जुनीच्या स्टेशनापर्यंत गाणं म्हणत गेला. पुढची चाकं रस्ता धरून होती. गाडी पुन्हा नवरीसारखी सरळ चालते, असं त्याने हमालांना सांगितलं, तर त्यातला एक म्हणाला, "नवरी सरळ चालते ते माहेरी, दुधरामभाऊ." सगळे हसले होते.

फुग्यांमुळे आणखी काही बदललं आहे, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मंगरू नेहमीसारखा चाकाशी बसे. लठ्ठे चढत. पाट्यांचा बाक उतरत नसे. मंगरू वाट पाही. आणखी चढत. बाक जरासा उतरे, तेवढ्यात थांबे. मंगरूच्या आयुष्यभराच्या सवयीने त्याला सांगितलं, गाडी अजून बसली नाही. सेठला वाटलं, फुग्यांनी गाडीची ताकद वाढवली. दुधरामलाही तसंच वाटलं असेल. निदान त्यावर त्याने फार विचार केला नाही. ब्रेक हल्ली जरा उशिरा लागतात, एवढं त्याला जाणवलं होतं, पण त्याने ते जुन्या गाडीच्या खात्यात टाकलं.

मग एका दुपारी नाल्याकडच्या उतारावर गाडी थांबेना. दुधरामने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. मागची ट्रॉली ट्रकला ढकलत होती. कवडूचं चाक आवळल्याचा किरकिराट त्याला ऐकू आला, मग जळका वास आला. वळण येण्याआधी त्याने गाडी डावीकडच्या बांबूच्या बेटात घातली. बांबू कडाकड मोडले, आणि गाडी थांबली.

कवडू फळीवरच होता. उडी मारता आली असती, पण मारली नव्हती. ब्रेकचं चाक उलटं फिरून त्याच्या मनगटावर आदळलं होतं आणि हात भलत्याच बाजूला वळला होता.

मागून बैलगाडीतून हमाल आले, मंगरू आला. सेठ त्या दिवशी रानातच होता, तोही जीप घेऊन आला. त्यांनी कवडूच्या हाताला बांबूच्या कांब्या बांधल्या. मग सेठने पहिलं वाक्य टाकलं. ब्रेक वेळेवर आवळला असता तर हे झालं नसतं. असल्या माणसाला ट्रॉलीवर ठेवायचं नाही, आणि सेठ स्वतः सगळ्या डेपोंवर सांगून ठेवील, की कवडू झोपतो.

"मी झोपलो नवतो," कवडू म्हणाला. मग त्याने पुन्हा गमछा दातांत धरला.

मंगरू वाकून चाकाजवळ गेला. उठला तेव्हा त्याचा चेहरा निवांत होता. "गाडी बसली नाई, सेठ. पाटे पाहा. भार बरोबर हाये."

दुधरामही वाकला. पाट्यांना बाक होता, खराच. पण त्यांच्या वर ताडपत्रीचा फुगा दोन्ही बाजूंनी असा फुगून बाहेर आला होता, की शिवण उसवायला आली होती. दुधराम पाहत राहिला. भार पाट्यांवर दिसत नव्हता, कारण तो फुग्याने उचलून धरला होता. पण चाकांनी, ब्रेकने आणि कवडूच्या हाताने तो सगळाच पेलला होता.

ते सांगायचं कसं? सांगितलं तर मंगरूची इतक्या वर्षांची नजर सगळ्या हमालांपुढे खोटी पडणार. आणि हवा मागून घेतली कोणी, तर दुधरामनेच. न सांगितलं तर कवडूच्या नावावर झोप लागणार आणि धुरपताचा भाऊ कुठल्याही गाडीवर चढणार नाही.

तो आडवा झाला, गाडीखाली सरकला आणि फुग्याची हवा सोडली. आधी एकीकडची, मग दुसरीकडची, आणि झटकन बाहेर सरकला.

गाडी कण्हत खाली आली. येतच राहिली. पाटे सपाट झाले, तिथे थांबले नाहीत, उलटे वाकले. शेवटी चेसिस एक्सलवर टेकला तेव्हा ठण्णकन आवाज झाला.

मंगरू पुन्हा चाकाशी बसला, नेहमीसारखा उकिडवा, आणि उलट्या पाट्यांवरून त्याने बोट फिरवलं. बराच वेळ बसला. उठताना त्याला चाकाचा आधार घ्यावा लागला.

"सेठ," तो म्हणाला, "कवडूचा बिरेक बरोबर होता. भार माहा होता."

सेठने पानाची पिंक टाकली. ठीक है, म्हणाला, पण माल आज स्टेशनवर गेलाच पाहिजे, वॅगन थांबणार नाही. मंगरूने हमालांना काही न सांगता स्वतः पहिला लठ्ठा ओढला. पाट्यांना बाक येईपर्यंत लठ्ठे उतरले. त्यानंतरच दुधरामने फुग्यात थोडी हवा भरली. बैल जुंपून गाडी रस्त्यावर काढली. ट्रॉलीचा ब्रेक दुधरामने पाहिला. लागत होता, पण किती लागेल याची हमी त्याला देता येईना.

फळीवर कोण बसणार, हे सेठने विचारलं. हमालांनी माना खाली घातल्या. मंगरू जन्मात ट्रॉलीवर बसला नव्हता. त्याने धोतराचा काचा घट्ट केला आणि तो फळीवर चढला.

"दादा, तुमी कायले?" दुधराम म्हणाला. "तुमाले जमनार नाई."

"मंग कोनाले बसवू?" मंगरू म्हणाला. "गाडी चालव."

दुधरामने कवडूला केबिनमध्ये बसवलं. नाला ओलांडला. मग पुढचा उतार दिसायला लागला.

"भाऊजी," कवडू म्हणाला, "हवा तं तुमीच मागितली होती ना?"

"होय."

दुधरामने गिअर खाली टाकला. लठ्ठ्यांच्या आड ट्रॉलीची फळी दिसत नव्हती. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि मागून ब्रेकचा किरकिराट कधी सुरू होतो, याची वाट पाहत गाडी उताराला लावली.