ओट्यावरचं नेट

"हे काय फासलं आहे यावर, आबाजी?" भूमिकाने राऊटर उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. "एक अक्षर दिसून नाही राहिलं."

दादाजी बोरकुटे खाटेवरून उठले नाहीत. "कुंकू होय ते. तुह्या आजीनं लावलं होतं, दसऱ्याले."

"राऊटरले?"

"मंग? सायकलले लावलं, मिक्सरले लावलं, माह्या चावीले लावलं. घरात नवीन मशीन आली तं पूजा नाही करा लागत का?"

पूजा करायलाच हवी होती, यात वाद नाही. फक्त शोभाताईंनी कुंकू पुढून लावायचं सोडून मागून लावलं. पुढे हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि पेटत्या दिव्यावर कुंकू कसं लावायचं, असं त्यांना वाटलं. मागे एक पांढरी कागदी पट्टी होती, ती त्यांना बरी वाटली. ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक त्यांनी तिच्यावर काढलं. नेमका पासवर्ड त्याच पट्टीवर छापलेला होता.

पुढे दादाजींनी फोन बदलला, तेव्हा पासवर्ड कोणालाच वाचता येईना. नेट बसवणारा माणूस आला, पट्टी पाहून त्याने कपाळाला हात लावला, आणि "काका, कुलूपच काढून टाकतो, कटकट नको" म्हणत नेट उघडं करून निघून गेला. त्याच वर्षी शोभाताई गेल्या. नेट उघडंच राहिलं.

दादाजींची सगळी नोकरी नंदनवन वस्तीच्या गल्ल्यांना पाणी सोडण्यात गेली होती. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालून फिरवायची, की घरोघरी नळ खळखळत. लोक त्यांना चावीवाले दादाजी म्हणत. पाणी आलं म्हणून कोणी कधी आभार मानले नाहीत, उशीर झाला की मात्र आईबहिणीवरून शिव्या मिळत. शोभाताई म्हणायच्या, "पाणी देणाऱ्याचं नाव कोणाले माहीत नाही, बंद करणाऱ्याचं साऱ्या मोहल्ल्याले माहीत आहे."

म्हणून म्हातारपणी फुकट नेटपायी माणसं ओट्यावर येऊन बसू लागली, तेव्हा दादाजी सुखावले. ऊन उतरलं की ते ओट्यावर पाणी मारायचे, सतरंजी अंथरायचे. मग ऑटोवाला मुकुंद यायचा, मेडिकल दुकानातला सौरव यायचा, चार घरी स्वयंपाक करणारी तुळसाबाई यायची. तुळसाबाईंची लेक काजल सुरतेला दिलेली होती. नातवाला दात आला, नातू पालथा पडला, हे सगळं तुळसाबाईंनी याच ओट्यावरून व्हिडिओ कॉलवर पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावत दादाजींनीही. ही माणसं आपल्यासाठी येतात की नेटसाठी, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटत होती.

आणि भूमिका येण्याच्या आदल्या दिवशी दारात पोलीस उभे राहिले.

सक्करदऱ्यातल्या एका मुलीच्या नावाने कोणीतरी खोटं खातं उघडलं होतं. तिचे फोटो आणि खाली नाही नाही ते. मुलीने कॉलेजात जाणं सोडलं होतं. शोध घेत घेत पोलीस ज्या नेटपाशी पोचले ते दादाजींचं निघालं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पोलीस ठाण्याची पायरी दादाजींनी जन्मात पहिल्यांदा चढली आणि दुपारपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. साहेब वाईट बोलले नाहीत. "काका, तुम्ही नाही केलं हे आम्हाले समजते," ते म्हणाले. "पण दार तुमचं आहे न." दादाजींना शिव्या चालल्या असत्या. हे वाक्य मात्र घरी येऊन रात्रीच्या जेवणातही घशाखाली उतरलं नाही. ती मुलगी त्यांनी पाहिलेली नव्हती, म्हणून डोळ्यांपुढे सारखी भूमिकाच येत होती.

म्हणून आज ही लेकीची लेक मनीषनगरहून सकाळीच स्कूटीवर आली होती.

"जुनं सारं मिटवून नव्यानं चालू करा लागते," भूमिका म्हणाली. "त्याच्यासाठी एक डाव हा छापलेला पासवर्ड पाहिजे. पुसू का, आबाजी?"

दादाजी पट्टीकडे पाहत राहिले. शोभाताईंच्या हातचं घरात तसं बरंच काही उरलं होतं: लोणच्याची बरणी, शिवलेल्या गोधड्या, पण बोटाचा असा स्वच्छ ठसा दुसरीकडे कुठे नव्हता. स्वस्तिकाच्या एका टोकाला तर बोटाच्या रेघाही दिसत होत्या.

"पूस," ते म्हणाले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले. परत आले तेव्हा भूमिकाच्या हातातला खोबरेल तेलाचा कापूस लाल झाला होता, आणि ती एकेक अक्षर वाचत होती.

पुढचं काम तिने भराभर केलं. राऊटरच्या आत शिरायचा पासवर्ड बदलला, नेटला नवा पासवर्ड लावला. "नाव नको, जन्मतारीख नको, सोपं काहीच नको," तिने बजावलं. शेवटी दादाजींनी एक सुचवला. तो इथे लिहीत नाही. लिहिला तर भूमिका माझ्यावरही चिडेल.

"पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढता येते, आबाजी. त्याचा पासवर्ड वेगळा."

"नको. पोलिसाईले काय सांगू, कोणता पाहुणा होता म्हणून?"

"मंग कोणालेच देजा नका. कोणालेच म्हणजे कोणालेच."

"नाही देत वं बाई."

संध्याकाळी त्यांनी ओट्यावर पाणी मारलं, सतरंजी टाकली. 'नेट बिघडलं आहे' हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. कोणाला दुखावणार नाही असं. पण खोटं बोलायची सवय नसली की ऐन वेळी जीभ दगा देते.

"दादाजी, हे तं पासवर्ड मागून राहिलं," मुकुंद फोन हलवत म्हणाला.

"हौ. टाकला भूमिकानं."

"मंग सांगा न गा."

"नाही सांगत."

तिघेही हसले. त्यांना थट्टा वाटली. मग दादाजींनी पोलिसांचं सांगितलं, बाकावर बसल्याचं सांगितलं, मुलीचं सांगितलं.

"अरे देवा," तुळसाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "पोरगी कशी आहे जी आता ते?"

"कॉलेज सोडलं म्हणते." दादाजींचा आवाज चढला, का ते त्यांनाही कळलं नाही. "माह्या घरून झालं हे. माह्या ओट्यावरून. तुमच्यातल्याच कोणी केलं असन. आता कोणालेच नाही."

मुकुंदने फोन खिशात टाकला. गल्लीच्या टोकाला पाणीपुरीवाल्याची घंटी वाजत होती.

"मी बी का, दादाजी?" तुळसाबाईंनी विचारलं.

इथे नाही म्हणायला हवं होतं. तोंडात एक शब्द, तोही सोपा. पण दादाजींना ठाण्यातलं 'दार तुमचं आहे' आठवलं, सुक्याबरोबर ओलंही जळतं हे आठवलं, आणि ते म्हणाले, "आता कोणाकोणावर भरोसा ठेवू मी?"

मुकुंद उठला. "चला, सवारी आहे," म्हणाला. ऑटो तर कोपऱ्यावर रिकामाच उभा होता. सौरव चपला घालता घालता थांबला.

"दादाजी, माह्या फोनात नेट आहे. कधीपासूनचं. दुकानातला पगार वाढला तवापासून मी रिचार्ज मारतो. मी तुमचं नेट लावतच नव्हतो." तो क्षणभर घुटमळला. "तरी येत होतो न मी."

तुळसाबाईंनी सतरंजी झटकली, रोजच्यासारखी चौघडी केली, दाराशी ठेवली आणि त्या निघून गेल्या.

चार-पाच दिवसांनी ठाण्यातून फोन आला. माणूस सापडला होता. दादाजींच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीतला भाडेकरू. तो कधी ओट्यावर बसला नव्हता, त्याचं तोंडही दादाजींना ओळखता आलं नसतं. घरबसल्या, भिंतीपलीकडून त्याने सगळं केलं होतं.

"ते पोरगी कॉलेजात जाते का आता, साहेब?" दादाजींनी विचारलं.

"ते नाही माहीत, काका."

फोन ठेवून दादाजी तसेच पायी निघाले. मेडिकलमध्ये गर्दी नव्हती. सौरव काउंटरवरच होता.

"बोला दादाजी. बीपीची गोळी का?"

"सापडला तो. मांगच्या खोलीतला होता. आपल्यातला कोणी नाही."

"बरं झालं," सौरव म्हणाला. खरंच बरं वाटल्यासारखा म्हणाला. गोळ्यांची पट्टी त्याने न मागता पुढे ठेवली.

"चुकलं माह्यं, बाप्पा. येजो संध्याकाळी. मुकुंदलेही सांगजो."

"हौ, येतो न."

'येतो' हे आपल्याकडे न येण्याचं सगळ्यांत सभ्य उत्तर आहे, हे दादाजींना ठाऊक होतं. तरी त्यांनी त्या संध्याकाळी दोन बादल्या पाणी जास्त मारलं. ओटा थंड झाला, वाळला. सतरंजीवर ते एकटेच बसले. भूमिकाचा फोन आला.

"नेट चालते न बरोबर? कोणाले पासवर्ड तं नाही दिला?"

"नाही वं," दादाजी म्हणाले. "मागत नाही कोणी."

अंधार पडता पडता तुळसाबाई कामं आटपून गल्लीतून जाताना दिसल्या. त्यांच्या हातात फोन होता, आणि काजलशी बोलणं चाललं होतं. चेहरा न दिसणारं, नुसतं कानाला लावून. दादाजी उठून फाटकापाशी गेले. तुळसाबाईंनी फोन ठेवला आणि पदर सारखा केला.

"तुळसाबाई, बसा न. पोराले पाहून घ्या. मी पासवर्ड सांगतो तुम्हाले."

"नका सांगू, दादाजी." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "उद्या कुठी काही झालं, तं पयले माह्यंच नाव येईन. मले माहीतच नसलेलं बरं."

दादाजींचे हात फाटकाच्या कडीवरच राहिले. कडी काढलेली होती. तुळसाबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि ओळखीच्या माणसाशी असं तोडून बोलून जाऊ नये म्हणून की काय, वळून थांबल्या.

"जेवण झालं का, दादाजी?"

"झालं," दादाजी म्हणाले. कुकर अजून लावायचा होता.