कॉफीच्या वेळचा ताल

कोमळवल्लीने तोंडातली वेलची दाताखाली चिरडली आणि चेहरा कसाबसा हसरा ठेवला. रंगमंचावर तिची मुलगी अभिरामी कांभोजी राग आळवत होती आणि आईच्या कानात कुणी काथ्याने खरकटं पातेलं घासत होतं. तापात तिचे कान गेले, वर्षापूर्वी ऐकू येण्यासाठी डोक्यात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. तेव्हापासून बोलणं कळायचं, पण गाणं म्हटलं की तिला मळमळायचं. पोरीची गुरू तीच. हे कळलं तर पोर दुसऱ्या कुणाकडे जाईल, म्हणून ती गप्प होती.

"मामी, आता कानांत नुसतं अमृत, नाही का?" संगीत सभेचे चिटणीस पट्टाभिरामन वाकून म्हणाले.

त्यांच्या गुळचट हसण्याची तिला किळस आली.

गाणं थांबून एकट्या मृदंगाची पाळी आली, तसं निम्मं सभागृह नेहमीसारखं कॉफीला उठलं. चिटणीस सर्वांत पुढे. वाजवणारा काय भिंतींसाठी वाजवतो? कोमळवल्ली बसून राहिली. थापेचा नाद तिला पत्र्यासारखाच लागत होता, पण थाप नेमकी कधी पडली ते लख्ख कळत होतं. तिचा हात मांडीवर ताल धरू लागला.

वादकासाठी अभिरामीही हाताने ताल देत होती, पण डोळे उठून जाणाऱ्यांवर. बोटांवर मात्रा मोजताना तिने एक बोट गाळलं. मृदंगवाल्या सुंदरेशनने हातातला बोल एका मात्रेने छाटला आणि मुकाट्याने तिच्याबरोबर समेवर आला.

मैफलीनंतर उपाहारगृहात कौतुकाचा नुसता चिखल झाला होता. त्यातून वाट काढत अभिरामी आईपाशी आली.

"अम्मा, कांभोजी कशी झाली?"

वर्षभर 'छान' म्हणून झालं होतं.

"मला नाही ठाऊक. तुझा एकही सूर मला कळत नाही. ऐकताना शिसारी येते."

अभिरामीच्या हातातला पेला तसाच राहिला.

"मग इतके दिवस शिकवत होतीस ते?"

"खोटं बोलत होते. सुरासाठी दुसरं कुणी बघ. पण मृदंगाच्या वेळी तू एक बोट खाल्लंस. सुंदरेशनने अब्रू राखली तुझी."

"कुणाच्या लक्षात नाही आलं."

"कसं येईल? सगळे इथे वडे चापत होते."

अभिरामीने पेला खाली ठेवला, आईसमोर खुर्ची ओढली आणि मांडीवर हात ठेवला.

"कुठल्या आवर्तनात? दाखव."