एका तारखेची रांग

मी तारखांची रांग लावणारा बोलतोय! इकडेतिकडे बघू नका, दिसायचा नाही. डेटा तपासणाऱ्या प्रोग्रॅमर मंडळींच्या लायब्ररीत मी राहतो. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, तयार फंक्शनांची, म्हणजे एकेक काम करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची; त्यातलाच मी एक. काही हौशी माणसांनी मला लिहिलं आणि जगाला फुकट वाटून टाकलं.

माझं काम सोपं. कुठून सुरुवात, कुठे शेवट, किती दिवसांच्या अंतराने, एवढं सांगा, तारखा हजर. कोणी तीस फेब्रुवारी मागितली की मात्र मी सरळ हात वर करतो. आणि मागतातही हो लोक!

मी देतो त्या तारखा कोऱ्या असतात. पुढे माणसं त्यांत काय भरतात, हे जाणून घ्यायची मला भारी हौस.

माझी सध्याची मालकीण वीज कंपनीत आहे. कोणत्या दिवशी किती वीज लागली, ते ती माझ्या तारखांपुढे मांडते. एका संध्याकाळी मात्र तिने घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मला हाक मारली. नवरा रुग्णवाहिका चालवतो; तो ड्यूटीला निघायला बूट चढवत होता. दोघांचं नुकतंच वाजलं होतं.

"रविवार आला की बरी तुझी ड्यूटी निघते! घरी थांबायचंच नसतं तुला."

"अगं, सुट्टी काय माझ्या हातात आहे? दर सहा दिवसांनी येते, मग वार कुठलाही असो."

"थांब, बघतेच आता."

तिने माझ्याकडून दोन रांगा लावून घेतल्या. एक तिच्या रविवारांची, दुसरी त्याच्या सुट्ट्यांची. मग दोन्हींत सापडणाऱ्या तारखा तेवढ्या ठेवल्या. मला वाटलं, बऱ्याच निघतील. अख्ख्या वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या.

ती पडद्याकडे बघतच राहिली. "मला वाटायचं, तू मला टाळतोस," ती म्हणाली.

एक बूट पायात, एक हातात, तसाच तो शेजारी येऊन बसला. "वेडी आहेस का? पुढची तारीख कधीची?"

ती महिन्याभराने होती.

"तोवर कोण थांबतंय! गुरुवारी दोघंही रजा टाकू."

तिने मला पुन्हा बोलावलं. सुरुवात गुरुवार, शेवटही तोच गुरुवार. खरं तर माझी काहीच गरज नव्हती. शंभर-शंभर वर्षांच्या रांगा लावल्यात मी, पण ही एका तारखेची लावताना असा काही खुललो की विचारू नका.

गुरुवारी लॅपटॉप कोणी उघडलाच नाही. शुक्रवारी ती नेहमीसारखी विजेच्या तारखा मागायला आली, गुणगुणत. मी मुकाट दिल्या. पण राहवत नाही हो! दिवसभर काय केलं असेल त्यांनी? तुम्हाला कुठे कळलंच, तर मला जरूर सांगा.